शुक्रवारची हाक

“ऐकलं हं मी!” बाई आपल्या खोलीतूनच म्हणायच्या, आणि गॅलरीत कुजबुजणाऱ्या आम्ही बायका ओशाळून गप्प व्हायचो. भिवंडीत कामतघरला आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागूनच कापड विणायचे लूम. तुम्ही तिकडे राहिला असाल तर ठाऊक असेल, शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. बाईंचे कान मात्र भलतेच तिखट.

बाई मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, नगरपालिकेच्या सकाळच्या शाळेत शिक्षिका. एकट्याच राहायच्या. रविवारी कल्याणला चर्चला जायच्या आणि येताना चाळीतल्या पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या आणायच्या. गोळी हातावर ठेवण्याआधी विचारायच्या, “आठवड्यात काय खोटं बोललास?” पोरं गोळीच्या आशेनं न केलेली पापंही कबूल करायची. “हे खोटं आत्ताचं,” असं म्हणून बाई हसत गोळी द्यायच्याच.

त्यांच्या आणि माझ्या मधली खोली जुलेखाची. नवरा आखातात, घरात ती एकटी. तिला सतत हाका मारायची सवय. “ओ बाई, जरा येता का? ओ वहिनी!” जाऊन बघावं तर डब्याचं झाकण निघत नाही, नाहीतर उंदीर दिसला. नवरा सुट्टीवर येऊन गेला आणि तिला दिवस गेले, तेव्हापासून तर या हाका फारच वाढल्या.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. तिला सातवा महिना होता. दुपारी हाका आल्या, आधी बाईंना, मग मला. मी चटईवर पडले होते. आली पुन्हा कटकट, म्हणून कूस बदलली. थोड्या वेळानं हाका थांबल्या, तेव्हा मला बरंच वाटलं. संध्याकाळी तिचा भाऊ आला, त्याला ती दारामागे पडलेली सापडली. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा आम्ही सगळ्या तिच्याभोवती बसलो. मीच आधी म्हणाले, “लूमच्या आवाजात काही कळलंच नाही गं.” बाकीच्यांनी माना हलवल्या. भिवंडीत ही सबब कुठंही चालते.

“शुक्रवार होता,” बाई म्हणाल्या. “लूम बंद होते. मी ऐकलं, जुलेखा. बायबल वाचत होते. एवढा अध्याय संपवून जाते म्हटलं, आणि गेलेच नाही.”

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तडकले. “तुमच्यामुळे आम्ही सगळ्या उघड्या पडलो!”

“तुमचं मी कुठं काढलं? माझं सांगितलं.”

“मग तुमच्या देवाला सांगायचं होतं. तो करतो ना माफ?”

“करतो. पण हाक तिनं मारली होती हो. आधी तिला नको सांगायला?”

त्यानंतर जुलेखानं हाका मारणंच सोडलं. बाईंशी तर ती बोलेना. त्या रोज शाळेतून आल्या की तिच्या दारात उभ्या राहून “काही हवंय का?” विचारायच्या, आणि उत्तर न मिळता परत फिरायच्या. मी दाराआडून बघायचे आणि मनातून खूश व्हायचे. खरं बोलून काय मिळालं यांना! आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

पावसाळा सरता सरता एका दुपारी हाक आली. “ओ बाई, जरा येता का?” बाई कणकेच्या हातांनीच धावल्या. जुलेखाला फळीवरची मिठाची बरणी काढून हवी होती. फळी तिच्या खांद्याइतकीही उंच नव्हती.

बाई बाहेर आल्या त्या रडतच. “मला हाक मारली तिनं,” म्हणाल्या. “माझी लायकी नव्हती हो.”

पुढे बाई निवृत्त होऊन गावी गेल्या आणि तिकडेच वारल्या. ती बातमी मला जुलेखानंच दिली, ओढणीनं डोळे पुसत. आमचं भांडण नाही. ईदला तिच्याकडून शिरखुर्मा येतो, दिवाळीला माझा फराळ जातो. तिला एवढंच सांगायचं आहे की त्या दिवशी मीही ऐकलं होतं. दर वेळी ताट हातात घेऊन जाते आणि फराळाचं बोलून परत येते.

शुक्रवारी लूम थांबले की मी चटईवर पडून कान देते. पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज येतो. वरचे डबे जुलेखा स्वतःच काढते. मला तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही.