शिवकन्येच्या दोन ओळी

ज्वारी अर्धीच चाळून झाली होती. खडे वेचायचे तसेच राहिले, कारण तेवढ्यात नांदेडहून रुद्राणीताईंचा फोन आला. रुद्राणीताई म्हणजे शिवकन्येची होणारी थोरली नणंद. त्या घरात शब्द त्यांचाच चालतो, हे साखरपुड्यातच सगळ्यांना कळून चुकलं होतं.

"शिवकन्या, रविवारी विष्णुपुरीला फोटोशूट ठरवलंय. फोटोवाला विचारून राहिला, मुलीच्या काय आवडीनिवडी असतील त्या आधीच सांगा म्हणून. मागून रुसायचं न्हाई बरं."

शिवकन्या तोंड उघडणार तोच समोर बसलेल्या अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, हातानं खूण केली. गप. "विचार करून कळवते, ताई," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

"थेट बोलायचं नसतंय," अव्वा म्हणाली. "अट घातल्यावाणी दिसतंय. उमाशंकरमामांनी सोयरीक जुळवलीय, त्यांच्याकडून जाऊ दे."

उदगीरच्या त्या घरात पोरींचं बोलणं असंच जायचं. बारावीनंतर तिला लॅबचा कोर्स करायचा होता. तिनं अव्वाला सांगितलं, अव्वानं काकांना, काकांनी अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना. डाळ मिलमध्ये मुनीम असलेल्या अप्पांचा 'हाव', म्हणजे होकार, परत येईपर्यंत प्रवेश संपले आणि एक वर्ष वाया गेलं. तरी ती शिकली. सहा वर्षं झाली, गावातल्या लॅबमध्ये रक्त काढते. म्हाताऱ्या माणसांची शीर तिला एका टोचण्यात सापडते, म्हणून खेड्यापाड्यांतली माणसं तिचं नाव विचारत येतात.

एवढ्या आयुष्यात कुणाला न विचारता केलेली तिची गोष्ट एकच. नवव्या वर्षी मठातल्या स्वामींनी तिच्या गळ्यात इष्टलिंग घातलं, लिंगायतांनी अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, दोरीतल्या चांदीच्या डबीत. तेव्हापासून रोज चहाच्या आधी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात. अंगावरून ते कधी उतरलं नव्हतं. घरातल्या बाकीच्यांनी केव्हाच सोडून दिलं, तिनं धरून ठेवलं.

म्हणून तिनं लॅबच्या कागदावर दोनच ओळी लिहिल्या. 'गळ्यातलं लिंग मी उतरवणार नाही, म्हणून कपडे गळाबंद असावेत. बाकी सगळं तुमच्या मनासारखं.' कागदाचा फोटो अव्वाच्या मोबाइलवरून मामांना गेला, मामांकडून नांदेडला.

रविवारी पहिल्या एसटीनं मायलेकी निघाल्या. विष्णुपुरीच्या धरणाच्या काठावर रुद्राणीताईंनी गाडीतून गाऊन काढला. वाइन रंगाचा, खांदे उघडे टाकणारा. गाडीतच तो अंगावर चढवून शिवकन्या बाहेर आली, तशी गळ्यातली दोरी आणि चांदीची डबी लख्ख दिसायला लागली.

"तेवढं काढून ठेव," ताई म्हणाल्या.

"ताई, हे निघायचं नाही. मी लिहून दिलं होतं."

"आमच्या वीरभद्रचं देवघरात डब्यात असतंय. त्याची नोकरी गेली का त्यानं?"

वीरभद्र, नवरामुलगा, गॉगल लावलेले आपले फोटो मोबाइलवर बघून राहिला होता. त्यानं मान वर केली नाही.

फोटोग्राफर अमान कॅमेरा खाली घेऊन शिवकन्येला म्हणाला, "ताई, मला कुणी बोललंच न्हाई. गळाबंद ड्रेस हायेत की आमच्या स्टुडिओत. मला सांगितलं, पोरगी लाजाळू हाय, जरा मोकळी करून घ्या."

"मग माझा कागद पोचलाच नाही का?" शिवकन्येनं विचारलं.

"पोचला की." ताईंनी मोबाइल पुढे धरला. तिच्याच अक्षरातल्या दोन ओळी. "गुरुवारीच मामांना म्हणलं, गाऊन तर ठरलाय, आता कसं? ते म्हणले, तुझ्या आईला विचारलंय, त्यांची हरकत न्हाई."

शिवकन्येनं वळून पाहिलं. अव्वा पदर पसरून, त्याखाली तळहात उघडा धरून उभी होती.

"दे. मी धरते तेवढ्यापुरतं." मग फक्त तिला ऐकू जाईल असं, "लगीन मोडायचंय का?"

तिनं दोरी डोक्यावरून काढली.

तीन तास फोटो चालले. वीरभद्रनं तिला उचललं, फिरवलं, पाण्यात उभं केलं. अमान तीनदा "हसा ताई" म्हणाला, चौथ्यांदा म्हणाला नाही.

परतीच्या एसटीत मुखेड मागं पडल्यावर अव्वानं पदराची गाठ सोडली. "घे, घाल."

"नको."

"असं कसं नको?"

"एकदा उतरल्यावर स्वामींच्या हातूनच घ्यावं लागतं."

"कुणाला कळणार हाय? उगं बोभाटा." अव्वानं पदर सारखा केला. "बरं, मी काकांना सांगते. ते अप्पांना सांगतील, अप्पा बोलतील स्वामींशी."

शिवकन्येनं डबी रुमालात घेतली. मोबाइल वाजला. रुद्राणीताईंनी एक फोटो पाठवला होता. उघडा गळा, मागं गोदावरीचं पाणी. खाली लिहिलं होतं, 'बघ, किती मोकळी दिसतीस.'

"काकांना काही सांगू नको," ती अव्वाला म्हणाली. "मीच बोलते."

सोमवारी सकाळी, लॅब उघडायच्या आधी, तिला मठात जायचं होतं.