पाइपातले पावणे

सोसायटीचा सेक्रेटरी मी झालो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. शाळेत मास्तर होतो, अक्षर बरं होतं आणि भांडायची खोड होती. कोल्हापुरात एवढं भांडवल पुष्कळ झालं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उसाचं रान मोडून आमचे प्लॉट पडले होते, घरंही उभी राहिली होती. समोरच्या रस्त्याकडेला पालिकेनं गटारीसाठी सिमेंटचे मोठमोठे पाइप आणून टाकले होते. त्या पाइपांत पाच-सहा बिऱ्हाडं राहत. एका पुरात त्यांच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या, आणि पाणी ओसरल्यावर जागेच्या मालकानं त्यांना परत पाय ठेवू दिला नव्हता. पुरुष गूळ मार्केटात हमाली करत, बाया बांधकामावर जात. पाइपाच्या एका तोंडाला पोत्याचा पडदा, दुसऱ्या तोंडाला चूल. आत शिरायचं तर कमरेत वाकून.

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणायची रीत आहे. त्यामुळं ही सगळी मंडळी कॉलनीची पावणी झाली. "ओ पावणं, नळावर गर्दी करू नका," "पावणं, शेळी बांधा की तुमची." यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या अध्यक्षांचा. रिटायर्ड हेडक्लार्क, माणूस सरळ, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

एका सकाळी त्या बिऱ्हाडांतली एक हमालाची बायको माझ्या दारात उभी राहिली.

"गुर्जी, दिवाळी झाली की पाइप पुरणार हाईत म्हनं. आमी कुटं जायाचं? का पाइपासंगट आमास्नी बी पुरतासा?"

मला भयंकर राग आला. राग आला की मला काम सुचतं. ओढ्याकडचा एक सखल तुकडा सोसायटीकडं पडून होता. कुणालाच तो नको होता. तिथं जोतं उंच घेऊन एका रांगेत घरं बांधायची, या कुटुंबांना सभासद करून घ्यायचं आणि शेअर म्हणून त्यांची मेहनत धरायची, असा करारनामा मी लिहायला घेतला. घर विकता येणार नाही. कुणी सोडून गेलं तर ते सोसायटीकडं परत येईल आणि दुसऱ्या बेघराला मिळेल. त्या बाईला वाचून दाखवला तेव्हा तिनं एक कलम वाढवायला लावलं.

"पैऱ्यानं बांधायची घरं. आन् शेवटच्या घरावर कौलं चढल्याबिगर पयल्यानं आत जायाचं न्हाय."

पैरा म्हणजे शेतकऱ्यांची जुनी रीत. आज सगळ्यांचे बैल माझ्या रानात, उद्या तुझ्या. मी कलम घातलं.

सर्वसाधारण सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली आणि अपेक्षेप्रमाणं पेटली. कुणाला ओढ्याची काळजी, कुणाला शेजाराची. शेवटी अध्यक्ष उठले. "सहानुभूती आहे हो. पण पावण्यांना सभासद कसं करायचं?"

मी तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला. ती बाई उभी होती.

"साहेब, दोन वरसं झाली, उठता-बसता पावणं म्हणतासा. पावण्याला कवा च्या तरी इचारलासा काय?"

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल हसला.

"पावणं असू तर ताट वाढा. नसू तर मेंबर करा. मधल्यामधी लटकवू नगासा."

कोल्हापूरकराला काहीही म्हणा, पण पाहुण्याला उपाशी ठेवलं असं म्हणू नका. अध्यक्ष कानापर्यंत लाल झाले. ठराव मताला टाकला तेव्हा पहिला हात त्यांचाच वर गेला. मी इतका खूश झालो की इतिवृत्त लिहायचं विसरून टाळ्या पिटत बसलो.

पण पालिकेनं आमची वाट पाहिली नाही. भिंती छातीएवढ्या झाल्या असतानाच क्रेन येऊन पाइप उचलून घेऊन गेली. रस्त्याकडेला नुसत्या चुली उरल्या. त्या दुपारी अध्यक्ष स्वतः तिथं गेले, त्या बाईचं गाठोडं उचललं आणि आपल्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं. मग कुणाला मागं राहता येईना. एकेका घरानं एकेक बिऱ्हाड नेलं. चहा झाला, जेवणं झाली, मटणाच्या रश्श्यात मीठ जास्त पडल्यावरून बायकांची भांडणंही झाली. आता ते खरोखरीचे पाहुणे होते.

पैरा मात्र चुकला नाही. हमालीवरून आलेली माणसं कधी याची भिंत उचलत, कधी त्याची. रविवारी आम्ही मास्तर-कारकून विटा द्यायला जायचो आणि सोमवारी शाळेत माझा खडूचा हात वर जायचा नाही. पहिलं घर आधी पुरं झालं, तरी त्याचं दार बंदच राहिलं. शेवटच्या घराचं शेवटचं कौल बसलं तेव्हा सगळ्यांनी मिळून अशी आरोळी ठोकली की ओढ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

गृहप्रवेशाला अध्यक्ष आणि मी बरोबरच गेलो. ती बाई नारळ घेऊन उंबऱ्याशी आली आणि सवयीनं कमरेत वाकून आत शिरली. चौकट तिच्या डोक्याच्या हातभर वर होती. आत गेल्यावर तिच्या ते ध्यानात आलं, तशी ती मागं आली आणि परत एकदा ताठ चालत आत गेली. माझे डोळे भरून आले. लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

अध्यक्ष बाहेरच घुटमळत होते.

"या की पावणं!" ती आतून ओरडली. "च्या घेतल्याबिगर हलायचं न्हाय!"

अध्यक्षांनी चपला काढल्या, टोपी नीट केली, आत आले आणि दबकत विचारलं, "कुठं बसू?"

"बसा की कुटंबी," ती म्हणाली, "घर तुमचंच हाय."