कवळी, केळी आणि वायफाय

दोन उशांना अभ्रे चढवून झाले होते, तिसरी उशी हनुवटीखाली धरली होती, तेवढ्यात आतून वन्संचा आवाज आला, "केळी आम्ही ठेवत नाही हो आजोबा, नासतात ती. फेकून देतो." फोनवर पलीकडून आजोबा कडाडले. त्यांची केळी नव्हे, कवळी हरवली होती. तुटक्या आवाजात वन्संना केळी ऐकू आली.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. एका बसकंपनीसाठी हरवलेल्या सामानाचे फोन घेतात. गुडघ्यांनी दगा दिला, तीन जिने रोज उतरणं-चढणं होईना, म्हणून कंपनीनं घरून काम करू दिलं. लोक रडवेले होऊन बोलतात आणि या शांतपणे विचारतात, "छत्रीची मूठ लाकडी होती का प्लास्टिकची? आठवा, घाई नाही." देवानं एवढा धीर मला दिला असता, तर रोज प्रार्थनेत तो मागत बसावं लागलं नसतं.

आजोबांनी तक्रार केली. वन्संच्या ऑफिसातल्या वरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक तक्रार आली की ऑफिसात येऊन बसायचं. म्हणजे नोकरी गेलीच.

वन्संचे फोन घरच्या वायफायवरून चालतात, आणि आवाज तुटतो तो आमच्या भावजींमुळे. हे धाकटे दीर सकाळपासून सिनेमे उतरवून घेतात. बघत एकही नाहीत, नुसती साठवण! मी म्हटलं, "वन्संचं काम होईपर्यंत तरी थांबा."

"वहिनी, वायफाय काय नळाचं पाणी आहे संपायला?"

अहो, नळाचंच आहे! खालच्यानं सगळे नळ सोडले की वरच्याच्या बादलीत थेंब.

शेवटी वन्संनीच राउटरमध्ये वाटणी लावली, प्रत्येक यंत्राला सारखा वाटा. जरा बरं चाललं, की पुन्हा खरखर. जाऊन बघते तर भावजींच्या खोलीत टीव्ही, लॅपटॉप, नवा फोन आणि कपाटातून उकरून काढलेला फुटक्या काचेचा जुना फोन, चौघंही सिनेमे ओढतायत.

"अरे, हे काय?" वन्सं म्हणाल्या.

"ताई, यंत्रागणिक वाटा तूच ठरवलास. मी नियमातच आहे."

"एकट्यानं चार ताटं मांडायची आणि वर म्हणायचं, वाढप सारखं आहे!" मी ओरडलेच. देव क्षमा करो.

वन्सं ओरडल्या नाहीत. त्यांनी वाटणी माणसागणिक केली. भावजींची चारही यंत्रं एका वाट्यात.

"घरात मला परकं केलंस, ताई."

"परका असतास तर पासवर्डच दिला नसता."

तरी आज सकाळी आवाज फाटलाच. वन्सं म्हणाल्या, "वाटे सारखे झाले गं, पण हवा एकच. याची चार यंत्रं एकदम बडबडली की माझ्या फोनला मधे तोंड घालायला जागा मिळत नाही. याला समज येईपर्यंत माझी खुर्ची ऑफिसात गेलेली असेल. मला थेट राउटरपासून वायरच हवी."

भावजींना आणायला सांगितलं. "संध्याकाळी बघू," लोळूनच उत्तर. मी पदर खोचून निघाले, तर वन्संनी अडवलं. "तू इथंच थांब. यानं पाचवं यंत्र लावलं तर सरळ प्लग उपट."

काठी घेऊन, कठडा धरून वन्सं जिना उतरतायत. कॉम्प्युटरच्या दुकानातून लांब वायर आणायला.