वैशालीची पिशवी

मंडळी, आज मी भाजीची पिशवी चोरली. हसू नका.

सोलापूरजवळच्या एका शेताची आम्ही काही घरं सभासद आहोत. हंगामाआधी पैसे भरायचे आणि दर रविवारी जे निघेल ते वाटून न्यायचं. शेत कसणाऱ्या शांतामावशी प्रत्येकाची पिशवी नाव लावून तयार ठेवतात.

मी तीन वर्षं जातेय. शेजारच्या वैशालीला मीच तिथे नेलं, तेही दिवाळीनंतर. तरी दर वेळी तिचीच पिशवी फुगलेली! वर मावशी तिला म्हणणार, "ये गं बाई, तुजीच वाट बघत हुते." आणि मला, "मॅडम, पिशवी तितं हाय." माझा नुसता जळफळाट.

आज त्या दोघी बोलत असताना मी गुपचूप तिची पिशवी उचलली आणि घर गाठलं.

ओट्यावर ओतली. किडकी वांगी, तडकलेले टोमॅटो, पिवळी पडलेली मेथी. मी मावशींना फोन लावला, "या पिशवीत असली भाजी कशी?"

"अवो, ती वैशालीची. कुणी नेत न्हाय ते माज्यात घाला, असं तिनंच सांगितलंय की. लई गुणाची हाय."

फोन ठेवते तोच वैशालीचा आला. "ताई, पिशव्या बदलल्या वाटतं. तुमची भाजी आणून देऊ का?"

"अगं, चुकून झालं," मी म्हणाले.

लाज वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त जळले. हे मला का नाही सुचलं?

वैशाली ही पोस्ट वाचेलच. चुकून नव्हतं गं.

उद्या तिच्या दारात काय तोंड घेऊन उभी राहू, सांगा.