डोळे नॉर्मल आहेत

आमच्या युनिटमध्ये रिसर्च पेपर कमी आणि किस्से जास्त साठतात. पेपरला आकडे लागतात, किस्से चहाबरोबर आपोआप जमतात. आमचं काम लहान मुलांच्या दिसण्याचं, पण डोळ्यांचं नाही. या मुलांचे डोळे ठणठणीत असतात. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला, रक्तातली साखर उतरली, अशा कशानं तरी मेंदूला मार बसलेला असतो. डोळा चित्र पाठवतो, मेंदूला ते उलगडत नाही. आईबाप "आँखें नॉर्मल हैं" असा रिपोर्ट घेऊन अख्खी दिल्ली पालथी घालतात आणि मग आमच्याकडे येतात. त्या 'नॉर्मल' शब्दाची मला आता चीड येते.

*

गाझियाबादचे एक वडील होते. त्यांच्या मुलाला फुलाफुलांच्या चादरीवरचं बिस्किट दिसायचं नाही. आमच्याकडे सादं काळं कापड अंथरून त्यावर ठेवलं, की लगेच उचलायचा. पसाऱ्यातून एक वस्तू वेगळी काढणं या मुलांना फार जड जातं. आमचे मुख्य संशोधक मेश्राम सर, मूळचे नागपूरचे. त्यांनी वडिलांना समजावलं, "घर में सब सादा रखिए, बिल्कुल सादा."

वडील कामाला लागले. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं काळं करून टाकलं. पुढच्या वेळी आले तेव्हा मुलगा चांगला सुधारला होता, आई मात्र घुम्म. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "बेटा बिस्किट उठाने लगा, सर. पर पड़ोसी पूछ रहे हैं, किसका देहांत हुआ?"

*

आम्हालाही सादेच कपडे लागतात. नक्षीच्या कपड्यांत आमचा चेहरा मुलांना सापडत नाही. सरोजिनी नगरला मी एका दुकानदाराला टी-शर्टांचे ढीगच्या ढीग उपसायला लावले. प्रत्येकावर काहीतरी छापलेलं. शेवटी तो वैतागला, "मैडम, जिस पर देखने को कुछ हो ही नहीं, वो लेके करोगी क्या?"

*

आता ओवीचं सांगते. चार वर्षांची. आई आणि आजीबरोबर कॅन्टोन्मेंटमधून येते. माणसं साताऱ्याकडची, वडील फौजेत, सीमेवर. आवाज ऐकला की पोरगी हसायची, पण वडील सुट्टीवर आले तेव्हा समोर बसलेल्या त्यांच्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. परत जाताना ते सरांना म्हणाले, "सर, बाकी काही नको. तिनं एकदा मला बघावं, बस."

आमच्या तपासणीच्या खोलीत आवाज चालत नाही, नाहीतर मूल बघतंय की ऐकतंय ते कळत नाही. घड्याळं, चाव्या, बांगड्या, सगळं दाराबाहेर. मी रोजच्या सवयीनं ओवीच्या आईला म्हटलं, "ताई, बांगड्या काढून ठेवा."

आजी उठून उभी राहिली. "माझा ल्योक तिकडं बंदुकीसमोर, आन तू सुनंला हात मोकळं करायला सांगतीस?"

सरांनी ड्रॉवरमधून क्रेप बँडेजचा रोल काढला आणि आजींच्या हातात दिला. "आजी, तुम्हीच बांधा." आजींनी सुनेच्या दोन्ही मनगटांवर बांगड्यांसकट बँडेज गुंडाळलं, तिचा हात धरून हलवून बघितला. काही वाजलं नाही.

"घ्या आता तुमची परीक्षा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या दाराशी बँडेजचे रोल ठेवलेले असतात.

*

एकदा त्याच खोलीत ओवीच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रेंज मिळेल तेव्हाच ते फोन करणार, त्यामुळे कट करायचा प्रश्नच नव्हता. सर म्हणाले, "त्यांचा आवाज आपल्याकडे बंद करून बघू, आपलं त्यांना ऐकू जाऊ दे." ओवीच्या आईनं फोन तिच्यासमोर धरला. स्क्रीनवर वडील, युनिफॉर्ममध्ये, ताठ. ओवी भलतीकडेच बघत होती.

या मुलांना एका जागी थांबलेल्या वस्तूपेक्षा हलणारी लवकर दिसते. सर फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "एका जागी उभे राहू नका, हलत राहा." तिकडे वडिलांनी फोन कशाला तरी टेकवला, मागे सरकले आणि सरळ पीटी सुरू केली. हात वर, हात खाली, उड्या. मागे त्यांचे दोन सोबती हसत होते.

ओवीची मान वळली. "बाबा," ती म्हणाली.

तिची आई रडायला लागली. मलाही राहवलं नाही. तिकडे ऐकू गेलं असावं, कारण उड्या आणखी उंच झाल्या.

आणि नेटवर्क गेलं. चित्र तिथंच अडकलं. दोन्ही हात वर, तोंडभर हसू.

"बाबा गेले," ओवी म्हणाली.

ओवीच्या आईनं डोळे मिटून घेतले. सर फोनशी खटपट करायला पुढे झाले, तर आजींनी त्यांचा हात बाजूला सारला. फोन स्वतःच्या हातात घेतला आणि ते थांबलेलं चित्र नातीच्या डोळ्यांसमोरून हळूहळू इकडून तिकडे न्यायला लागल्या.

"आले," ओवी म्हणाली.