आमच्या घरातली आठ दिवसांची हुकूमशाही

आमच्या घरात लोकशाही सहा वर्षं टिकली. ती मी संपवली, आणि तेही सर्वानुमते.

दिल्लीच्या हद्दीबाहेर, गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या भागात केबल आली होती, रस्ते यायचे होते. घरात माणसं पाच: मी, नवरा श्रीकांत, सासरे अप्पा, नणंद नंदा आणि मुलगी मुक्ता. श्रीकांतच्या कंपनीत नुकतेच परदेशी भागीदार आले होते आणि त्यांनी सगळ्यांना तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं होतं. तिथून तो एक फाइल आणि एक कल्पना घेऊन आला. फाइल हरवली. कल्पना दुर्दैवाने राहिली. घरातला प्रत्येक निर्णय रविवारी नाश्त्यानंतर, चर्चा करून, मतदानाने. माणशी एक मत. मुक्ता तेव्हा पाच वर्षांची होती. तिलाही एक.

कूलर घेण्याची चर्चा आम्ही मार्चमध्ये सुरू केली. निर्णय जुलैत झाला, म्हणजे कूलर लावला की घरातले पापड मऊ पडतात त्या दिवसांत. पडद्यांच्या रंगावर तीन रविवार गेले आणि शेवटी तडजोड म्हणून एका खिडकीला दोन रंगांचे पडदे लागले. (पाहुण्यांना वाटायचं, कापड कमी पडलं.)

या सगळ्याला अप्पांचा तात्त्विक विरोध होता. अडतीस वर्षं स्टेशन मास्तर म्हणून काढलेला माणूस.

"या देशाला फक्त दहा वर्षं एक चांगला हुकूमशहा पाहिजे," ते म्हणायचे.

"आणि तो चांगला नाही निघाला तर?" श्रीकांत विचारायचा.

"मी चांगला म्हटलं ना!"

इथे ती चर्चा दर वेळी संपायची.

पडद्यांपर्यंत मी सहन केलं असतं. पण नंदाची स्थळंही रविवारीच यायची, म्हणजे चर्चेला. दोन स्थळं आम्ही तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारली. त्यातलं एक मुक्ताच्या मताने गेलं, कारण मुलाने तिला "बाळ" म्हटलं होतं. नंदा एकोणतीस वर्षांची होती, बँकेत नोकरी करत होती, आणि तिच्या लग्नात तिला मतं किती, तर एक.

मग विवेक आला. तो मूळचा पुण्याचा, इथे वर्षभर बदलीवर होता. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत महाराष्ट्र दिनाच्या नाटकाच्या तालमी व्हायच्या, तिथे दोघांची ओळख झाली. तो पुण्याला परत गेल्यावर नंदाकडे येणाऱ्या पत्रांची जाडी वाढत गेली आणि एक दिवस त्याच्या आईचं पत्र आलं: शनिवारी सकाळी आम्ही तिघं पोचतो, मुलगी आणि घर बघतो, रविवारी परत निघतो. अक्षर टोकदार होतं. नंदा ते पत्र हातात धरून नुसती बसून राहिली. तिला हे लग्न हवं होतं. इतकं उघड तिला काही हवं असलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या रविवारी जेवणाच्या बेतावर चर्चा झाली. श्रीकांतला श्रीखंड-पुरी हवी होती, अप्पांना पुरणपोळी. "छोले-भटूरे रख लेते ना, सबको पसंद आते हैं," मुक्ता म्हणाली. (ती घरात मराठी बोलायची, पण मागण्या हिंदीत मांडायची.) दोन तासांनी नंदा उठून बाल्कनीत गेली आणि तिथे रडायला लागली.

"या घराला एक चांगला हुकूमशहा पाहिजे," अप्पा म्हणाले.

"ठीक आहे. मी आहे," मी म्हटलं.

"असं कसं? मतदान घ्यावं लागेल," श्रीकांत म्हणाला.

घेतलं. पाचही हात वर गेले.

मी फ्रिजवर कागद चिकटवला. कोण काय करणार, किती वाजता करणार. पत्रं मीच वाचणार. फोन मीच उचलणार. शेवटची ओळ मोठ्या अक्षरात होती: सूचना नकोत.

मला स्वतःची स्तुती करायची सवय नाही, पण मी उत्कृष्ट हुकूमशहा होते. मंगळवारपर्यंत पडदे एका रंगाचे झाले. सहा वर्षं ठिबकणारा नळ बुधवारी थांबला. आंघोळ माणशी सात मिनिटं. बेत श्रीखंडाचा, कारण मला पुरण वाटायचं नव्हतं. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही अडवलं नाही. घरात इतकी शांतता होती की माझा मलाच अभिमान वाटायला लागला.

"याला म्हणतात कारभार," अप्पा म्हणाले.

शुक्रवारी मी आदेश काढला: श्रीकांत आणि अप्पा यांनी सकाळी सातला नवी दिल्ली स्टेशनवर हजर राहावं आणि पाहुण्यांना घेतल्याशिवाय परत येऊ नये.

"गाडी कोणती म्हणालीस?" अप्पांनी विचारलं. मी पत्रातलं नाव सांगितलं. त्यांनी तोंड उघडलं. फ्रिजकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"बरं," ते म्हणाले.

"शैला, एक विचारू?" श्रीकांत.

"विचारायचं नाही, जायचं."

"वहिनी, ती गाडी ना..." नंदा.

"नंदा, तू साडीचं बघ."

शनिवारी सकाळी दोघं इस्त्रीचे कपडे घालून गेले. मी शेजारच्या मिसेस खुरानांकडे खुर्च्या मागायला गेले आणि चहा घेऊन परतले, तर मुक्ता फोनसमोर हाताची घडी घालून उभी होती.

"आई, फोन वाजत होता. बहुत देर."

"मग उचलला का नाहीस?"

तिने फ्रिजकडे बोट दाखवलं. इतक्यात पुन्हा वाजला.

"मी विवेकची आई बोलतेय," पलीकडून आवाज आला. आवाजही टोकदार होता. "आम्ही निजामुद्दीन स्टेशनवर पोचलोय. दोन तास झाले. तुम्ही यायचा बेत बदलला असेल तर तसं सांगा, म्हणजे आम्ही परतीच्या गाडीचं बघतो."

"निजामुद्दीन?" मी म्हटलं.

"गाडी तिथेच येते. आजच नाही, नेहमीच."

मी नंदाकडे पाहिलं. ती नवी साडी नेसून दारात उभी होती आणि तिचा चेहरा साडीच्या निऱ्यांइतका आवळला होता.

"तुला माहीत होतं?"

"हो. विवेकने आधीच लिहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"सूचना नकोत म्हणून."

श्रीकांतला आणि अप्पांना कळवायचा काही मार्ग नव्हता. त्यांना परत यायची परवानगी नव्हती, आणि ती मीच नाकारली होती. पाहुण्यांनी टॅक्सी केली, पण दिल्लीचा टॅक्सीवाला उत्तर प्रदेशात शिरायला तयार होईना. बॉर्डरवर सोडतो म्हणाला. मी मिसेस खुरानांना त्यांच्या मारुतीसकट उठवलं आणि निघाले.

"शैला जी, वो गाड़ी तो निज़ामुद्दीन ही आती है," त्या गियर टाकत म्हणाल्या. "अंकल जी ने बुधवार को ही बताया था कि आजकल आप किसी की सुनती नहीं।"

(म्हणजे ही गोष्ट सासऱ्यांना माहीत होती, नवऱ्याला माहीत होती, नणंदेला माहीत होती आणि भिंतीपलीकडच्या पंजाबी बाईला माहीत होती. राज्य चालवणारी सोडून सगळ्यांना. पूर्वीच्या पद्धतीत स्टेशनवरून दीड तास भांडण झालं असतं, मुक्ताने बहुधा पालम विमानतळाला मत दिलं असतं, पण चार आवाजांत एक तरी निजामुद्दीन म्हणालाच असता.)

बॉर्डरवर, ट्रकांच्या रांगेशेजारी, माझ्या नणंदेचे होणारे सासू-सासरे वळकटीवर बसले होते. विवेक त्यांच्यावर छत्री धरून उभा होता. एक म्हैस त्यांच्या सुटकेसचा वास घेत होती. मी नमस्कार केला. विवेकच्या आईने तो घेतला, पण परत केला नाही.

जेवायला बसेपर्यंत दीड वाजला. श्रीखंड चांगलं झालं होतं. ते मी सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगितलं नाही.

"हे सगळं ठरवलं कुणी?" विवेकच्या आईने पुरीचा तुकडा मोडत विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"एकटीने?"

"हो."

"आमच्याकडे एकटी मीच ठरवते," त्या म्हणाल्या. विवेकच्या वडिलांनी ताटातून मान वर केली नाही. "मग नंदाला सवय आहे म्हणायची. बरं झालं. नवीन शिकवायला नको."

मी आठ दिवस राबून या मुलीसाठी सगळं केलं होतं, आणि तिची पात्रता काय ठरली, तर मुकाट बसण्याची.

"नाही," नंदा म्हणाली. आवाज बारीक होता. "मला सवय नाही. मला स्टेशन माहीत होतं आणि मी गप्प बसले, म्हणून तुम्ही रस्त्यावर बसलात. मला त्याची लाज वाटते. तुमच्या घरी आले तर मी बोलेन. हे आत्ताच सांगितलेलं बरं."

विवेक स्वतःच्या आईकडे बघत होता, आणि मी मनातल्या मनात लग्न मोडल्याची पत्रं लिहीत होते.

"मी अख्ख्या घरासाठी तिकिटं काढते," विवेकच्या आई सावकाश म्हणाल्या. "मागच्या वर्षी चुकीच्या तारखेची काढली. या दोघांना आठ दिवस आधी माहीत होतं." त्यांनी नवऱ्याकडे आणि मुलाकडे पाहिलं. दोघेही पुऱ्या बघत होते. "स्टेशनवर गेल्यावर कळलं मला." मग नंदाला म्हणाल्या, "पुरी वाढ. आणि मनमानी करू नकोस, एकच वाढ."

मी पुऱ्यांचं ताट नंदाकडे सरकवलं.

श्रीकांत आणि अप्पा भूक आदेशावर मात करेपर्यंत थांबले आणि चारला परत आले. अप्पांनी तिथल्या स्टेशन मास्तरांशी ओळख काढून चहा घेतला होता. पाहुण्यांना बघून ते मुळीच दचकले नाहीत.

"अप्पा, तुम्ही तरी बोलायचंत," मी म्हटलं.

"सिग्नल तू दिलेला. चुकीचा असला तरी ड्रायव्हरने तो पाळायचा असतो. चौकशी नंतर."

"आणि तू?" मी श्रीकांतला विचारलं.

"मी विचारू का, असं विचारलं होतं," तो म्हणाला. त्या दिवशी त्याच्याइतका समाधानी माणूस गाझियाबादमध्ये दुसरा नसावा.

विवेकच्या आईने पर्समधून उद्याची तिकिटं काढली. "शैलाताई, परतीची गाडी कुठल्या स्टेशनवरून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा घरातल्या दुसऱ्या माणसाला सल्ला विचारला.

"अप्पा, कुठून?"

अप्पांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि मथुरेच्या सिग्नलपासून सुरुवात केली. पाऊण तासाने ते फक्त पलवलपर्यंत पोचले होते, दिल्ली अजून दूर होती, आणि त्यांना गप्प बसवायचा अधिकार मी दुपारीच गमावून बसले होते.