दोन वर्षं धरणारं कॉलेज

निलंग्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या जिलानीभाईंची धाकटी लेक मलिका लातूरला बी.एस्सी. करत होती. रसायनशास्त्रात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. दोन वर्षं पहिल्या वर्गात पास झाली, तिसऱ्याला नाव घातलं, आणि त्याच सप्टेंबरात भूकंप झाला.

किल्लारीकडच्या एका गावात दिलेली तिची थोरली बहीण हुमा घराच्या दगडमातीखाली गेली. हुमाचा नवरा मुज्तबा ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला, म्हणून वाचला. त्यांची दीड वर्षाची कशिश तापानं फणफणली होती, तिला आठवडाभर आधीच निलंग्याला दवाखान्यासाठी आणलेलं, आणि सुट्टीला घरी आलेल्या मलिकाजवळ ठेवून हुमा आदल्याच दिवशी घर बघायला परतली होती. म्हणून कशिशही वाचली. मलिकाची आई आधीच वारलेली. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. लातूरच्या हॉस्टेलमधली पेटी घरी आली आणि कॉलेज सुटलं.

कशिश चार वर्षांची झाली तेव्हा मलिकाच्या मनात कॉलेजनं पुन्हा उचल खाल्ली. एकच तर वर्ष राहिलं होतं. पण मधल्या काळात लातूर-नांदेडसाठी नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं होतं, आणि तिची गुणपत्रकं जुन्या विद्यापीठाची. लातूरच्या एका कॉलेजातला कारकून कागद न उलगडताच म्हणाला, “अभ्यासक्रम बदलला, विद्यापीठ बदललं, वर तीन वर्षांचा खंड. पहिल्या वर्षापासून करा.” दुसऱ्या कॉलेजानं एकच वर्ष धरतो म्हणून सांगितलं. तिसरं दोन्ही धरायला तयार होतं, पण तिथली फी जिलानीभाईंच्या आवाक्यात नव्हती. मलिका एसटीनं उदगीरला गेली, अहमदपूरला गेली. सगळीकडे तेच.

शेवटी कुणीतरी नायगावचं नाव सांगितलं. तिकडे नवंच निघालेलं, पत्र्याच्या खोल्यांतलं कॉलेज होतं. खिडकीमागे हेडक्लार्क हणमंतराव बसलेले. त्यांनी दोन्ही गुणपत्रकं शांतपणे वाचली, चष्मा वर केला.

“एवढे मार्क, अन् घरी बसून राहिलीस व्हय पोरी?”

मलिकानं हुमाचं सांगितलं. त्यांनी गुणपत्रकांवरचे नंबर वहीत उतरवून घेतले. मग म्हणाले, “दोन्ही वर्षं धरून घेतो. पास झालेलं परत का म्हणून करायचं? पात्रतेचा कागद मी स्वतः नांदेडला जाऊन आणतो. मुलींना फी माफ हाय. प्रॅक्टिकलसाठी इथं राहावं लागंल, तर आमच्या घरामागं एक खोली रिकामी हाय. फक्त एकतीस ऑगस्टच्या आत येऊन सही कर.”

परतीच्या बसमध्ये मलिका खिडकीशी बसून कितीतरी दिवसांनी मनातल्या मनात समीकरणं जुळवत होती.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ‘पात्रतेचा कागद आणला आहे. दोन्ही वर्षे मान्य. वेळेत ये.’

त्याच आठवड्यात मुज्तबा आला. त्यानं देवणीला दुसरं लग्न केलं होतं. चहाची बशी खाली ठेवत तो म्हणाला, “पोरीला आता घेऊन जातो. तू तर कॉलेजला चाललीस म्हणं.”

कशिश मलिकाच्या ओढणीचं टोक तोंडात घालून मांडीवर बसली होती.

“कोण म्हणलं? कुठं न्हाई चालले मी,” मलिका म्हणाली.

मुज्तबानं फार ताणून धरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला, आणि ऑगस्ट संपला. पोस्टकार्डाला मलिकानं उत्तर पाठवलं नाही. काय लिहायचं ते सुचेना, आणि मग उशीर झाला म्हणून लाज वाटायला लागली.

जिलानीभाई वारल्यावर ती कशिशला घेऊन लातूरला आली. तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. नांदेड, परभणी, सोलापूरकडची मुलं डॉक्टर व्हायला तिथं खोल्या घेऊन राहत होती. रेवणप्पा सरांच्या क्लासमध्ये मलिका ऑफिसला लागली. पावत्या फाडता फाडता ती मुलांना अडलेली गणितं सोडवून द्यायची. हळूहळू मुलं सरांना सोडून तिच्याच टेबलापाशी गर्दी करू लागली. सरांनाही ते कळत होतं.

“मलिका, पदवी असती तर उद्या तुला वर्गावर उभं केलं असतं,” ते एकदा म्हणाले. “पालक विचारून राहिलेत, मॅडमचं शिक्षण किती. काय सांगू?”

“बारावी सांगा सर,” ती म्हणाली. दोन वर्षं अर्धवट सांगण्यापेक्षा ते बरं वाटलं.

दर जूनमध्ये नंबर न लागलेली, मधूनच कोर्स सोडून आलेली मुलं तोंड लपवत यायची. कोणतं कॉलेज कोणते पेपर धरतं, कुठं फी कमी, कुठं मायग्रेशनला वेळ लागतो, हे मलिकाला तोंडपाठ होतं. “झालेलं वर्ष वाया घालवू नको,” ती प्रत्येकाला सांगायची, आणि त्यांचे अर्ज स्वतः भरून द्यायची.

कशिशनं फार्मसीचा डिप्लोमा केला. त्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ते मलिकानंच शोधून काढलं. अर्जासाठी कागद काढताना कशिशच्या हाती ते पोस्टकार्ड लागलं. आपली मावशी कधी कुठल्या कॉलेजला जाणार होती हे तिला ठाऊकच नव्हतं. मलिकानं सगळं सांगितलं.

कशिशनं पोस्टकार्ड उलटंपालटं करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “खाला, मला बरोबर न्यायचं ना. खोली होती की. नायगावला बालवाडी नव्हती का?”

सोळा वर्षांत हे मलिकाच्या मनात आलंच नव्हतं. मुज्तबाला तिनं “पोरगी माझ्याबरोबर येईल” एवढंच म्हणायचं होतं. कुणी तिला अडवलं नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत ती नायगावला गेली. हणमंतराव निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलेजातल्या शिपायानं घर दाखवलं. ते ओसरीवर बसले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. निलंग्याची मलिका म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला.

“घड्याळवाल्याची! शेवटच्या दिशी प्राचार्य म्हणले, खिडकी लावा, ती पोरगी येत न्हाई. मी म्हणलं, बस चुकली असंल. पाच वाजेपर्यंत बसलो.” मग पुढं वाकून त्यांनी विचारलं, “मग? दुसरीकडं झालं ना शिक्षण?”

मलिका माफी मागायला आली होती. कसं बोलायचं ते बसमध्ये ठरवलंही होतं.

“हाव काका,” तिच्या तोंडून गेलं. “उदगीरला झालं.”

“वर्ग?”

“पहिला.”

“मला वाटलंच व्हतं,” त्यांनी मांडीवर थाप मारली आणि आत हाक दिली, “शिवकांता, चहा टाक. आपल्या कॉलेजची पोरगी आली. दोन्ही वर्षं मी धरून दिली व्हती, बघ.” सून बाहेर येऊन कौतुकानं मलिकाकडे बघून गेली. मलिकानं मान खाली घालून चहा घेतला.

निघताना ते भिंतीला धरून दारापर्यंत आले. “एकदा पदवीचा कागद घेऊन ये. दिसत न्हाई, पर हातात घेऊन बघंन.”

“आणते,” ती म्हणाली.

त्यानंतर ती नायगावला कधीच गेली नाही.